गर्भाशयातील गाठी : आहार-विहाराने काय साधते आणि काय साधत नाही

'गर्भाशयात गाठ आहे' हे वाक्य ऐकताच रुग्णेच्या आणि तिच्या घरच्यांच्या मनात दोनच गोष्टी उभ्या राहतात : कर्करोग आणि गर्भाशय काढून टाकणे. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पडेगावसारख्या ठिकाणी, जेथे शहर संपून खेडी सुरू होतात, तेथे वैद्याकडे येणाऱ्या अशा स्त्रियांचे साधारण दोन प्रकार असतात. काहींना शस्त्रक्रिया सांगितलेली असते आणि ती टाळावयाची म्हणून त्या येतात. काही वर्षानुवर्षे अंगावर रक्त जाऊ देतात आणि चालताना धाप लागू लागल्यावर येतात. दोघींचा प्रश्न एकच असतो : "वैद्यराज, औषधाने आणि पथ्याने गाठ विरघळेल का?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता यावे, हा सदर लेखाचा हेतू आहे. आमच्या मते ते उत्तर असे : आहार आणि व्यायाम यांनी गाठ विरघळते असे म्हणण्यास आज पुरेसा आधार नाही, परंतु गाठीमुळे होणारा त्रास कमी करणे, पांडुता भरून काढणे आणि रजोनिवृत्तीपर्यंतचा काळ सुसह्य करणे हे बहुसंख्य रुग्णांत साधते. हे कार्य लहान नाही. मात्र ते नीट व्हावयाचे असेल तर आपले लक्ष सोनोग्राफीतील सेंटिमीटरवरून रुग्णेच्या रक्ताकडे वळले पाहिजे.

व्याधीचे स्वरूप

ज्यांना आधुनिक शास्त्र फायब्रॉइड किंवा मायोमा म्हणते त्या गाठी गर्भाशयाच्या मांसपेशींपासून उत्पन्न होणाऱ्या, घट्ट, गोलसर, मंदगतीने वाढणाऱ्या आणि सौम्य स्वरूपाच्या असतात. त्यांची वाढ स्त्रीशरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्रावांवर अवलंबून असते. म्हणूनच त्या रजोदर्शनापूर्वी आढळत नाहीत आणि रजोनिवृत्तीनंतर बहुधा आक्रसतात.

या गाठी किती सार्वत्रिक आहेत याची कल्पना असणे आवश्यक आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोनोग्राफीवर आधारित अभ्यासात वयाच्या पन्नाशीपर्यंत गौरवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांत या गाठी असाव्यात असा अंदाज निघाला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना त्यांचा काहीही त्रास नव्हता. सोनोग्राफी सुलभ झाल्यापासून पोटदुखी, अम्लपित्त अशा अन्य कारणांसाठी केलेल्या तपासणीत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ सहज सापडते आणि तोपर्यंत निरोगी असलेली स्त्री एका दिवसात रुग्ण बनते. लक्षण नसलेल्या गाठीला बहुधा केवळ निरीक्षण पुरते, हे आपण निःशंकपणे सांगावे.

त्रास होईल की नाही हे गाठीच्या आकारापेक्षा तिच्या स्थानावर अधिक ठरते. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी, अंतस्त्वचेखालील गाठ एक-दीड सेंटिमीटरची असूनही अतिस्राव घडवते. भिंतीतील गाठ मोठी झाली की स्राव आणि वेदना दोन्ही वाढवते. बाह्य आवरणाखालील गाठ सात-आठ सेंटिमीटरची होईपर्यंतही स्राव वाढवीत नाही. मात्र ती मूत्राशयावर दाब आणून वारंवार लघवीस लावते, किंवा मलाशयावर दाब आणून मलावरोध करते. म्हणून अहवाल वाचताना आकाराच्या आकड्याआधी गाठ कोणत्या थरात आहे ते पाहावे. अहवालात ते स्पष्ट नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या तज्ज्ञास विचारून घ्यावे.

कर्करोगाच्या भीतीविषयीही नेमके बोलता आले पाहिजे. मायोमाचे रूपांतर कर्करोगात होते असे आज मानले जात नाही. मांसपेशींचा घातक अर्बुद हा प्रायः स्वतंत्रपणे उत्पन्न होतो आणि तो अत्यंत विरळ आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये मांडलेला, त्यातल्या त्यात मोठा अंदाजही गाठीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांत एक असा आहे. नंतरचे अंदाज बहुतेक याहून कमी आहेत. ज्यांना शस्त्रक्रियेची गरजच भासली नाही अशा असंख्य स्त्रिया तर या हिशेबात आलेल्याच नाहीत.

शास्त्रातील स्थान

आयुर्वेदीय संहितांत या व्याधीचे स्वतंत्र नाव आढळत नाही. गाठीच्या रचनेचा विचार सुश्रुताच्या निदानस्थानातील ग्रंथी-अर्बुद प्रकरणाशी जुळतो; तेथे वर्णिलेला न पिकणारा, मंद वाढणारा, खोल मूळ असलेला मांसाश्रित अर्बुद मायोमाच्या बराच जवळ येतो. लक्षणांचा विचार केला तर अतिस्रावाची रुग्णा असृग्दर अथवा रक्तप्रदर या अधिकारात येते. काही ग्रंथकार रक्तगुल्माशीही साम्य दाखवितात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, त्यावर चिकित्सेची दिशा ठरते. रक्तगुल्माच्या चिकित्सेत साचलेल्या रक्ताचे भेदन व प्रवर्तन अपेक्षित आहे. ज्या स्त्रीला आधीच दहा दिवस गाठी-गाठी रक्त जात आहे तिला रक्तगुल्म समजून उष्ण, तीक्ष्ण, आर्तवप्रवर्तक योग दिले तर हिमोग्लोबिन एका पाळीत एक-दोन ग्रॅमने खाली येऊ शकते. रजःप्रवर्तिनी वटी किंवा कोरफडीचे तीव्र योग अशा रुग्णेस देऊ नयेत, हे त्यामुळेच. अतिस्राव असेल तोवर रक्तस्थापन प्रथम, ग्रंथीचा विचार नंतर, असा क्रम आम्ही योग्य मानतो.

चरकाचार्यांनी रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी असे सांगितले आहे. त्यामागे गर्भ असण्याची शंका पूर्ण फिटावी हा विचार स्पष्ट दिसतो. आज तेच काम मूत्राची गर्भपरीक्षा आणि सोनोग्राफी काही मिनिटांत करतात. प्रजननक्षम वयातील प्रत्येक रुग्णेत ही शंका आधी फेडणे म्हणजे शास्त्राचे पालनच होय.

गाठ लहान झाली : याचा अर्थ काय?

आपल्या नियतकालिकांतून आणि संमेलनांतून गाठ अमुक सेंटिमीटरवरून तमुक सेंटिमीटरवर आली अशी वृत्ते वाचावयास मिळतात. वैद्याचा प्रामाणिकपणा गृहीत धरूनही अशा एकेका वृत्तावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्याचे कारण २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. त्यात ७२ स्त्रियांतील २६२ गाठी वर्षभर ठरावीक अंतराने एमआरआयने मोजण्यात आल्या. सहा महिन्यांतील वाढीचे मध्यमान सुमारे ९ टक्के होते. पण एखादी गाठ दुपटीहून मोठी झाली, तर एखादी जवळजवळ नाहीशी झाली. सुमारे ७ टक्के गाठी आपोआप लक्षणीय आक्रसल्या. एकाच स्त्रीच्या गर्भाशयातील, म्हणजे एकाच आहार-विहारात असलेल्या गाठीसुद्धा निरनिराळ्या गतीने वाढल्या.

याखेरीज सोनोग्राफीच्या मोजमापात यंत्र, तज्ज्ञ आणि पाळीचा दिवस यांमुळे काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शिवाय ४७-४८ वर्षांच्या रुग्णेत दोन वर्षांनी गाठ लहान होणे हे पुष्कळदा रजोनिवृत्तीचे फळ असते. तेव्हा गाठ लहान झाल्याचे श्रेय औषधास देण्यापूर्वी, आणि तितक्याच न्यायाने ती वाढल्याचा दोष औषधास देण्यापूर्वी, थांबून विचार करावा.

मग आपल्या चिकित्सेचे माप कोणते? आमच्या मते चार गोष्टींची नोंद प्रत्येक भेटीत व्हावी : पाळीचे दिवस आणि दिवसाला बदलाव्या लागलेल्या घड्या किंवा पॅड, रुपयाच्या नाण्याएवढ्या वा मोठ्या गाठी पडतात काय, वेदनेमुळे किती दिवस कामाचा खाडा झाला, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन. या चार आकड्यांत सुधारणा झाली तर गाठ तेवढीच असली तरी रुग्णेचे जीवन सुधारले, असे निश्चित म्हणता येते.

आहार : प्रथम रक्ताचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त आढळल्या. म्हणजे गाठ नसतानाही निम्म्या स्त्रियांचा रक्ताचा साठा रिता आहे. त्यात अतिस्रावाची भर पडली की काय होते, याचा हिशेब रुग्णेसमोर मांडून दाखविण्यासारखा आहे.

एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेल्यास तो अतिस्राव समजला जातो. समजा, हिमोग्लोबिन ९ ग्रॅम असलेल्या स्त्रीचे एका पाळीत २०० मिलिलिटर रक्त गेले. त्यात सुमारे १८ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर गेले. आता जमेची बाजू पाहू. भाकरी-डाळ-भाजी अशा आहारातील लोहापैकी ढोबळमानाने पाच ते दहा टक्केच शोषले जाते. आहारात रोज १५ मिलिग्रॅम लोह असेल तर एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्यास सुमारे ३० मिलिग्रॅम हाती लागते. त्यातील बहुतेक भाग त्वचा, आतडी यांतून नित्य होणाऱ्या क्षयात जातो. पांडु अवस्थेत शोषण काहीसे वाढते हे खरे, तरीही जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नाही.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. केवळ बीट, गूळ आणि खजूर सांगून अशा रुग्णेचे रक्त वाढणार नाही; तिला लोहकल्प द्यावेच लागतात. आणि स्राव आटोक्यात आल्याखेरीज लोहकल्पही पुरे पडत नाहीत. बीटचा रंग लाल असला तरी त्यातील लोह १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आतच असते. त्यापेक्षा आपल्याकडची बाजरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, राजगिरा आणि हरभऱ्याचा पाला अधिक उपयोगी आहेत.

शोषण वाढविणे मात्र आपल्या हाती आहे आणि त्यास खर्च नाही. जेवताना भाजीवर लिंबू पिळावे, आवळा अथवा पेरू खावा. त्यातील क जीवनसत्त्वाने वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढते. कडधान्ये मोड आणून वापरावीत. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणासोबत किंवा जेवण होताच चहा घेण्याची सवय मोडावी. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण जाते, कारण शेतात वा बांधकामावर जाणाऱ्या स्त्रीचा सकाळचा चहा हाच अनेकदा तिचा नाश्ता असतो. अशा स्त्रीस चहा बंद करा असे सांगण्यापेक्षा, चहा आधी घ्या आणि भाकरी तासाभराने खा, असे सांगितल्यास ते पाळले जाते.

उपवासांची चौकशीही अवश्य करावी. आठवड्यातील दोन वार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण-नवरात्र मिळून वर्षातील मोठा काळ साबुदाण्यावर जातो. व्रत मोडावयास सांगणे बहुधा निष्फळ ठरते. त्याऐवजी साबुदाण्याच्या जागी राजगिरा, भगर, शेंगदाणे, दूध आणि फळे सुचवावीत. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात उसळ उरते काय, हेही विचारावे. शक्य तर हा प्रश्न सासूबाईंच्या किंवा पतीच्या समक्ष विचारावा.

स्रावकाळातील पथ्यापथ्य आणि गाठीविषयक संशोधन

शास्त्राने रक्तप्रदरात सांगितलेले पथ्य सौम्य, शीत आणि पित्तशामक आहे : जुने तांदूळ, साळीच्या लाह्या, मुगाचे वरण, तूप, दूध, मनुका, डाळिंब, कोहळा. तांदुळजाचे मूळ तांदळाच्या धुवणासह आणि मधासह देण्याचा प्रयोग चरकसंहितेत प्रदराच्या संदर्भात आला आहे. तांदुळजाची भाजीही या दृष्टीने हितकर होय. अपथ्यात अतितिखट, अतिखारट, विदाही पदार्थ, कुळीथ, मद्य आणि रात्रीचे जागरण येते. मराठवाड्यातील आहारात हिरव्या मिरचीचा ठेचा, येसर आणि तळण यांचे प्रमाण मोठे आहे. पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या चार-पाच दिवस आधीपासून आणि स्राव थांबेपर्यंत ते सोडण्यास सांगितल्यास रुग्णा तेवढी मुदत पाळते. बारा महिन्यांचे पथ्य सांगितल्यास दुसऱ्या आठवड्यात मोडते. तीळ आणि अळीव हे अन्य काळी पोषक असले तरी उष्ण असल्यामुळे या दिवसांत टाळावेत, असा परंपरेचा संकेत आहे.

आहार आणि गाठीची उत्पत्ती यांविषयी आधुनिक संशोधन सावधपणे वाचावे लागते. इटलीतील १९९९ च्या एका अभ्यासात गाठ असलेल्या स्त्रियांच्या आहारात लाल मांस अधिक, तर हिरव्या भाज्या, फळे आणि मासे कमी आढळले. अमेरिकेतील २०१३ च्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसे होते त्या स्त्रियांत गाठी कमी आढळल्या. या संबंधांवरून आहार बदलल्यास झालेली गाठ जाते असे सिद्ध होत नाही. तरीही भाज्या, फळे आणि अंगावर ऊन घेणे हे सल्ले निरपाय असल्यामुळे द्यावयास हरकत नाही. इजिप्तमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेहतीसच स्त्रियांच्या अभ्यासात हिरव्या चहाच्या अर्काने चार महिन्यांत गाठीचे घनफळ सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. त्याचा गाजावाजा झाल्यापासून या अर्काच्या गोळ्या औषधालयांत मागितल्या जातात. त्या अभ्यासातील मात्रा रोज ८०० मिलिग्रॅम होती. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये अशा अर्काच्या मोठ्या मात्रेत यकृतातील विकरे वाढू शकतात असा इशारा दिलेला आहे. पेल्यातील साधा हिरवा चहा आणि हा अर्क एक नव्हेत, एवढे ग्राहकास सांगणे औषधालयचालकाचे कर्तव्य आहे.

स्थूल रुग्णेत वजन उतरविणे हे पथ्याचे मुख्य उद्दिष्ट असावे. मेदधातूत इस्ट्रोजेनची निर्मिती होते, त्यामुळे मेदवृद्धी आणि या गाठी यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. मलावरोध असल्यास ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका आणि रात्री कोमट दुधातून तूप यांनी वातानुलोमन साधावे. मोठ्या गाठीच्या दाबाने होणारा ओटीपोटातील जडपणा त्यामुळे जाणवण्याइतका कमी होतो. वारंवार लघवीचा त्रास असलेल्या स्त्रिया पाणीच कमी पितात, आणि त्याने मलावरोध व मूत्रदाह वाढतो. दिवसा पुरेसे पाणी घेऊन झोपण्यापूर्वी दोन तास ते थांबवावे.

व्यायाम : कोणास, किती, केव्हा

व्यायाम सांगण्यापूर्वी रुग्णा दिवसभर काय करते ते विचारावे. बैठे काम करणाऱ्या, स्थूल स्त्रीस व्यायाम हे औषध आहे. डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या किंवा दिवसभर खुरपणाऱ्या स्त्रीस शास्त्राच्या परिभाषेत व्यायाम नव्हे, अतिश्रम घडत असतो. तिला आणखी चालावयास सांगणे हास्यास्पद ठरेल. तिच्यासाठी स्रावाच्या दिवसांत ओझे न उचलणे, दुपारी तासभर आडवे होणे आणि संध्याकाळी काही मिनिटे शिथिलीकरण हाच योग्य विहार होय.

हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर जोरकस व्यायाम कोणासही सांगू नये. प्रथम रक्त, मग व्यायाम. आठच्या वर असल्यास रोज पंधरा मिनिटे सपाटीवर चालण्याने आरंभ करून, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने आठवड्यातील पाच दिवस तीस ते चाळीस मिनिटांपर्यंत न्यावे. अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात आठवड्यास सात तास वा अधिक व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत, दोन तासांहून कमी करणाऱ्यांच्या तुलनेत, गाठी कमी आढळल्या. पाळीच्या वेदनेवरील व्यायामाच्या प्रयोगांचा २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्यात आठवड्यातून तीन वा अधिक वेळा, ४५ ते ६० मिनिटांचा व्यायाम वेदना लक्षणीय कमी करू शकतो असे दिसले. ते प्रयोग गाठ नसलेल्या स्त्रियांवरचे होते हे लक्षात ठेवून, गाठीच्या रुग्णेतही त्याचा लाभ अजमावून पाहण्यास हरकत नाही.

आसनांपैकी बद्धकोणासन, मार्जारासन, शशांकासन आणि पवनमुक्तासन ही अन्य दिवसांत करावीत. मोठ्या गाठीमुळे पोटावर दाब येऊन दुखत असेल तर शेवटची दोन वगळावीत. स्रावाच्या दिवसांत शवासन, दीर्घ श्वसन आणि पाठीखाली उशी घेऊन केलेले सुप्त बद्धकोणासन पुरे. विपरीत स्थितीतील आसने, कपालभाती आणि उड्डियान बंध या दिवसांत करू नयेत. कपालभातीने गाठ फुटते किंवा विरघळते असा समज अनेक स्त्रियांत आढळतो. त्यास आधार नाही.

औषधालयांसाठी काही सूचना

कांचनार गुग्गुळ, पुष्यानुग चूर्ण आणि अशोकारिष्ट हे या अधिकारातील सर्वाधिक खपणारे योग आहेत. पैकी कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधराने ग्रंथी-अर्बुदात, पुष्यानुग चूर्ण चरकाने प्रदरादी योनिविकारांत आणि अशोकारिष्ट भैषज्यरत्नावलीने प्रदरात सांगितले आहे. त्यांची गुणवत्ता मूळ द्रव्यावर अवलंबून आहे. ज्याला आपण सीतेचा अशोक म्हणतो त्या खऱ्या अशोकाची साल दुर्मीळ होत चालली असून, तिच्या जागी रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची साल मिसळली जाते, हे या व्यवसायातील सर्वांना ज्ञात आहे. खरेदी करताना ओळख पटविलेलीच साल घ्यावी. आसव-अरिष्टांत गूळ आणि स्वयंनिर्मित मद्यांश असतो. मधुमेही रुग्णेस ते देताना विचार व्हावा.

धात्री लोह, नवायस लोह, मंडूर किंवा आधुनिक लोहगोळी यांपैकी काहीही घेणाऱ्या रुग्णेस थायरॉइडची गोळी चालू आहे काय हे विचारावे. असल्यास दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा थायरॉइडची गोळी शोषली जात नाही. लोहकल्प नियमित घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढले नाही तर स्राव चालूच आहे, शोषण होत नाही किंवा थॅलेसेमियासारखा अन्य विकार आहे, असे समजून तपासणीस पाठवावे. हिमोग्लोबिन प्राकृत झाल्यावरही साठा भरण्यासाठी लोह आणखी तीन महिने द्यावे.

जाहिरातीविषयी एक स्मरण. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मासिक पाळीच्या विकारांवरील, तसेच परिशिष्टातील गर्भाशयाचे विकार आणि अर्बुद यांवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे. 'ऑपरेशनशिवाय गाठ गायब' असा फलक दुकानावर लावणे हा अपराध आहे. त्या फलकावर विसंबून एखादी स्त्री हिमोग्लोबिन पाचवर येईपर्यंत थांबते, ही हानी कायद्याच्या दंडाहून मोठी आहे.

केव्हा पाठवावे

पुढील परिस्थितीत रुग्णेस विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा घाटीसारख्या शासकीय रुग्णालयात पाठवावे : लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, रजोनिवृत्तीनंतर रक्त गेले असेल अथवा गाठ वाढत असेल, लघवी अडली असेल, तीव्र पोटशूळासह ज्वर असेल, किंवा गर्भधारणा असून वेदना वा स्राव होत असेल. वयाच्या पंचेचाळिशीनंतर अनियमित स्राव असल्यास सोनोग्राफीत गाठ दिसली तरी स्रावाचे कारण तीच आहे असे धरून चालू नये. गर्भाशयाच्या अंतस्त्वचेची तपासणी होऊन कर्करोगाची शंका दूर झाल्यावरच आपली चिकित्सा सुरू करावी. वंध्यत्वाच्या रुग्णेत गाठ पोकळीत असेल तर पथ्यात वर्षे घालवू नयेत.

गर्भाशय काढण्याचा निर्णय

मराठवाड्यात हा विषय केवळ वैद्यकीय राहिलेला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या काळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील देशभरचे प्रमाण ३.२ टक्के होते. उचल घेतलेल्या जोडप्यास एका दिवसाच्या खाड्याचाही दंड बसतो. त्यामुळे पाळी, अंगावर जाणारे पांढरे आणि पोटदुखी यांपासून कायमची सुटका म्हणून कित्येकींनी शस्त्रक्रिया पत्करली. गाठ आहे, कर्करोग होईल, असे सांगितले गेल्याच्या तक्रारीही त्या वेळी पुढे आल्या. त्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश दिला.

याचा अर्थ गर्भाशय काढणे सदैव अनुचित असा नव्हे. मूल-बाळ पूर्ण झालेली, औषधांनी न थांबणाऱ्या स्रावाने खंगलेली स्त्री विचारपूर्वक हा निर्णय घेत असेल तर आपण तिला भीती घालू नये. परंतु निर्णयापूर्वी तिला अन्य मार्ग माहीत असावेत : स्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या, संप्रेरकयुक्त गर्भाशयस्थ साधन, केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करण्याची पद्धत. प्रत्येक मार्ग प्रत्येकीस लागू पडत नाही; पण विचारण्याचा अधिकार प्रत्येकीस आहे. तिशी-पस्तिशीत गर्भाशयासह अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि अस्थिक्षयाचा व हृद्रोगाचा धोका वाढतो, हेही तिला आधी कळले पाहिजे.

वैद्याचे स्थान येथे महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रिया सांगितल्यावर आणि ती होण्यापूर्वी जे काही आठवडे असतात, त्यांत अनेक स्त्रिया आपल्याकडे येतात. त्या काळात आपण अहवाल नीट वाचला, गाठ कोठे आहे ते समजावले, रक्ताचा हिशेब मांडला, चहाची वेळ बदलली, लोह सुरू केले, पुढील दोन पाळ्यांची नोंद ठेवावयास सांगितले, आणि ज्यांना पाठवावयाचे त्यांना वेळेत पाठवले, तर गाठ एक मिलिमीटरनेही कमी न करता आपण त्या स्त्रीचे पुष्कळ हित केलेले असेल. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात वर सांगितलेल्या चार नोंदी निदान वर्षभर ठेवाव्यात आणि हाती आलेले अनुभव, यशाचे तसेच अपयशाचेही, या त्रैमासिकाकडे पाठवावेत, अशी आमची विनंती आहे.